'व्हाइट पोनी' : अकरा गाणी, सलग

२० जून २०००. सॅक्रामेंटोच्या डेफ्टोन्स या मेटल बँडचा तिसरा अल्बम, 'व्हाइट पोनी', आला. निर्माता आधीच्या दोन्ही अल्बमचाच, टेरी डेट. बदललं होतं ते बँडचं आतलं गणित. गायक चिनो मोरेनोनं आता गिटारही हातात घेतली होती. टर्नटेबल आणि सॅम्पल्स सांभाळणारा फ्रँक डेलगाडो पूर्णवेळ सदस्य झाला होता. गिटारवादक स्टीफन कार्पेंटरच्या जड रिफ्सना, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यांना, प्रथमच जागेसाठी भांडावं लागलं, आणि या अल्बमची खरी मजा त्या भांडणात आहे.

दुसरं गाणं लावा, 'डिजिटल बाथ'. ड्रमर एब कनिंगहॅमच्या स्नेअरवर, म्हणजे त्या कडक आवाजाच्या ड्रमवर, कान ठेवा. ठळक ठोक्यांच्या मधे, जेमतेम ऐकू येतील असे हलके ठोके पडत राहतात. गिटार स्वच्छ, मागे कुठेतरी. चिनोच्या आवाजात सुरापेक्षा श्वास जास्त. मग कोरस येतो, डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाटवलेला आवाज) अंगावर येतं, पण लय तसूभरही वाढत नाही. वाढतं फक्त वजन. शब्दांत बाथटबमध्ये विजेच्या धक्क्यानं केलेला खून आहे, आणि चाल मात्र प्रेमगीताची!

लगेच पुढचं 'एलीट'. नुसता आरडाओरडा, आवाजही मुद्दाम खरवडलेला. मेटल सादरीकरणाचं ग्रॅमी २००१ मध्ये मिळालं ते याला. तसं बघितलं तर अल्बममधलं हेच सगळ्यात सरळसोट गाणं.

फोनच्या स्पीकरवर हे ऐकू नका. गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या ट्यूनिंगला ८२ हर्ट्झवर वाजते, 'ड्रॉप सी' या खालच्या ट्यूनिंगपर्यंत उतरवली की ६५ वर. बेस गिटार त्याच्याही एक सप्तक खाली. तिथवर एवढासा स्पीकर पोचत नाही. ची चेंगचा बेस गायब होतो, गिटारची नुसती फरफर उरते. मग आपण आवाज वाढवतो आणि झांजा कानात घुसतात. साधे वायरचे हेडफोनही चालतील. शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं बटण) बंद, क्रॉसफेड (दोन गाणी एकमेकांत मिसळणं) शून्यावर. 'टीनएजर' हे जवळजवळ कुजबुजतं गाणं 'स्ट्रीट कार्प'नंतर येतं, म्हणूनच ते मनाला भिडतं.

आणि आवृत्ती तपासा. ऑक्टोबर २००० मध्ये रेकॉर्ड कंपनीच्या आग्रहानं 'बॅक टू स्कूल' हे रॅपच्या वळणाचं गाणं अगदी सुरुवातीला जोडलं गेलं. ते बेतलंय साडेसात मिनिटांच्या 'पिंक मॅगिट'वर, म्हणजे शेवटच्या गाण्यावर. तुमच्या यादीत ते पहिलं दिसत असेल, तर सरळ ओलांडा आणि 'फेइतिसेइरा'पासून सुरू करा.