शर्ट कोरडा, तरी घाम जातोय: सोलापूरच्या उन्हात शरीर काय करतं?

नमस्कार मंडळी! मे महिना, दुपारचे दोन, सोलापूरचा सात रस्ता चौक. पारा ४३ वर, आणि आपल्या अंगात मात्र ३७ च्या आसपास. हे सांभाळतं कोण?

मेंदूतला हायपोथॅलॅमस. रक्त जरा तापलं की तो त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंद करतो. गरम रक्त कातडीजवळ येतं, उष्णता बाहेर पडते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत रात्री बोटं गार पडतात ना? तेव्हा ह्याच वाहिन्या आकसलेल्या असतात.

पण आत्ता गंमत बघा. त्वचा साधारण ३५ अंश, हवा ४३. उष्णता बाहेर जायची सोडून आत शिरतेय! मग एकच वाट उरते, घामाची.

आणि घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. माठातलं पाणी गार होतं तसंच हे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. टपकून खाली पडला तर वाया. मुंबईत ३४ अंशांतच जीव नकोसा होतो तो ह्यामुळेच, हवेत आधीच बाष्प भरलेलं. पत्रा तापलेल्या, हवा कोंडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्येही तेच हाल.

आपली उघड्यावरची हवा कोरडी, म्हणून आपण सुखी? इथंच फसतो आपण. घाम येतो आणि दिसायच्या आत वाळतो. शर्ट कोरडा, म्हणून माणूस म्हणतो, ‘मला कुठं घाम येतोय!’ उन्हात राबणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी सहज गेलेलं असतं. शर्टाकडे बघू नका, लघवीचा रंग बघा. गडद पिवळी झाली की पाणी कमी पडलंय.

शरीर उन्हाला सरावतं, पण एक-दोन आठवडे घेतं. मग घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. तेव्हा सुट्टीला आलेल्या भाच्याला पहिल्याच दुपारी क्रिकेटला सोडू नका.

आता उष्माघात. अंगाचं तापमान ४० च्या वर, माणूस बरळतो, शुद्ध हरपते. घरोघरी तापाची गोळी देतात, ती इथं उपयोगाची नाही. तापात ‘अंग किती गरम ठेवायचं’ हा आकडा मेंदू स्वतःच वर नेतो, गोळी तो खाली आणते. उष्माघातात आकडा जागेवरच असतो, शरीर हरलेलं असतं. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.