आयाळीचे केस आणि घोड्याचा वेग

नमस्कार, श्रोतेहो. गेल्या हिवाळ्यात नागपूर जिल्ह्यातल्या एका शंकरपटावर, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, पशुवैद्यक म्हणून मी हजर होतो. पट सुरू व्हायला अवकाश होता. आपल्या गवळाऊ जातीच्या बैलजोडीच्या पाठीवर हात फिरवत उभ्या असलेल्या एका वयस्क मालकांनी मला विचारले, “डॉक्टरसाहेब, घोड्याचा केस तपासून तो किती पळेल ते सांगतात म्हणे. खरं हाय का जी?” नागपुरात रेसकोर्स नाही, पण वेगाचे वेड आहे, आणि तो प्रश्न त्या वेडातूनच आलेला होता. त्या गडबडीत मी अर्धेमुर्धे उत्तर दिले होते. उरलेले आज देतो.

केसाची गोष्ट खरी आहे. आयाळीचे वीस-तीस केस बोटाला गुंडाळून झटक्यात मुळासकट उपटायचे आणि प्रत्येकाच्या टोकाला पांढुरका ठिपका आला आहे ना, हे उजेडात धरून पाहायचे. कारण डीएनए हाती लागतो तो त्या ठिपक्यातल्या पेशींतून. घोडा या वेळी कान मागे टाकतो, तेव्हा नमुना घेणाऱ्याने त्याच्या मागच्या पायांच्या टप्प्यात उभे राहू नये, हे जाता जाता सांगून ठेवतो.

घोड्याच्या ३२ जोड्या गुणसूत्रांवरचा जनुकीय मजकूर २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी निवडलेली ‘ट्वायलाइट’ ही घोडी थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्याच जातीची होती. पुढच्याच वर्षी डब्लिनमधील संशोधक एमेलीन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायोस्टॅटिन नावाच्या जनुकाकडे लक्ष वेधले. स्नायूंची वाढ एका मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून शरीरात जो लगाम असतो, तो या जनुकाच्या हाती असतो. त्याची दोन रूपे आहेत, ‘सी’ आणि ‘टी’. आईकडून आणि बापाकडून दोन्ही ‘सी’ मिळालेला घोडा लवकर भरतो आणि साधारण १००० ते १६०० मीटरच्या धावेत चमकतो. दोन्ही ‘टी’ असलेला लांब पल्ल्याचा दमदार गडी असतो. आणि एकेक मिळालेला मधल्या अंतरात शोभतो. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची इंडियन डर्बी ही मानाची शर्यत २४०० मीटरची असते, तेव्हा दोन ‘सी’वाल्या शिंगरावर डर्बीची स्वप्ने रचणाऱ्या मालकाला ही चाचणी वेळीच सावध करू शकते. पण नीट ऐका: घोडा कोणत्या अंतरासाठी घडला आहे, एवढेच ती सांगते. एकाच अंतराच्या दहा घोड्यांत पहिला कोण येईल, यावर ती मौन पाळते.

हे मौन का, ते सांगतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात असे दिसले की, आयुष्यभरात शर्यतींतून होणाऱ्या कमाईत घोड्याघोड्यांत जो फरक पडतो, त्यातला जेमतेम १० टक्के भाग जनुकांच्या नावे मांडता येतो. बाकी सारे खुराक, तालीम, जॉकी, मैदान आणि नशीब यांचे. वेग ही एका अवयवाची करामत नाहीच. ठाणावर शांत उभ्या असलेल्या घोड्याच्या जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवा, मिनिटाला तीस-चाळीस ठोके लागतील. भरधाव सुटला की तेच दोनशेच्या पलीकडे जातात, आणि त्याच वेळी पाणथरी (प्लीहा) आकसून राखून ठेवलेल्या तांबड्या पेशी रक्तात ओतते. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे अनेक जनुके आहेत आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर.

शिवाय पत्ते दर पिढीत नव्याने पिसले जातात. अमेरिकेच्या सेक्रेटॅरियट घोड्याने १९७३ मध्ये बेलमाँटची दीड मैलाची शर्यत २ मिनिटे २४ सेकंदांत जिंकली. तो विक्रम अजून उभा आहे. त्याला सहाशेहून अधिक शिंगरे झाली, पण बापाच्या तोडीचे एकही निघाले नाही.

थरोब्रेडमध्ये तर गड्डीच लहान आहे. आजच्या सर्व थरोब्रेडांची पितृपरंपरा तीनच घोड्यांपाशी पोहोचते, आणि त्यांतही सुमारे ९५ टक्के नर १७०४ च्या सुमारास इंग्लंडात आणलेल्या डार्ली अरेबियनचे वंशज आहेत. वेगवान नर थोडे आणि माद्या त्यांच्याचकडे, असे चालल्यामुळे नात्यातली पैदास वाढत गेली. माझ्या मते जनुकशास्त्राचा खरा उपयोग इथे आहे: कोणत्या घोडीला कोणता घोडा दाखवू नये, हे ठरवण्यात. अर्जेंटिनात २०२४ मध्ये मायोस्टॅटिनमध्ये फेरफार केलेली पोलोची शिंगरे जन्माला आली, पण थरोब्रेडच्या नियमांना कृत्रिम रेतनसुद्धा चालत नाही, तिथे असला फेरफार दूरच. आणि हा लगाम पुरता तुटला की काय होते, ते बेल्जियन ब्लू बैलात दिसते. मांसाचा डोंगर होतो, आणि गाय व्यायला शस्त्रक्रिया लागते. असला बैल पटावर कोण जुंपणार?

त्या मालकांना मी एवढेच म्हणालो होतो की, घोडेवाल्यांचा जोर केसात नाही, वहीत आहे. इंग्लंडात १७९१ पासून थरोब्रेडची वंशावळ छापली जाते; कोणाची आई कोण, बाप कोण, हे लिहिलेले होते म्हणून जनुकाचा माग लागला. त्यावर त्यांनी अभिमानाने बंडीच्या खिशातून घामाने मऊ पडलेली वही काढली. गेल्या कित्येक पटांचे सेकंद, पॉइंटानंतरच्या आकड्यांसकट, धुरकऱ्याच्या, म्हणजे जोडी हाकणाऱ्याच्या, नावानिशी नोंदलेले होते. मी विचारले, “या उजव्या बैलाची आई कोणती?” त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, “तो तर बाजारातून घेतला जी.”