भजनाच्या वेळेला भाकरी कोण करणार

नमस्कार मंडळी. स्वयंपाकघरात रेडिओ लावून ऐकणाऱ्या माझ्या बहिणींना नमस्कार, आणि बाहेर ओसरीवर बसून ऐकणाऱ्या दादा-भाऊंनाही नमस्कार. दादांनो, आज बायकांचा विषय आहे म्हणून उठून जाऊ नका, शेवटपर्यंत बसा, कारण मला खरं तर तुमच्याशीच बोलायचंय.

ग्रामसभा आणि भजन, या दोन गोष्टींबद्दल मी आज बोलणारे. दोन्हीचा एकमेकींशी काय संबंध असं वाटेल कुणाला, पण आमच्या गावात बायका ग्रामसभेला यायला लागल्या त्या भजनी मंडळामुळंच. म्हणून मला वाटलं हे सांगायलाच पाहिजे, कारण गावोगावी बायकांची भजनी मंडळं आहेत, बचत गट आहेत, भिशी आहे, आणि लोक त्याकडं बायकांचा टाइमपास म्हणून बघतात. तसं ते नाहीये.

आमचं गाव साताऱ्याकडचं. आमच्याकडं राजकारण म्हणजे सकाळच्या चहापासून सुरू होतं. कारखान्याची निवडणूक, सोसायटीची निवडणूक, दूध संघ, झेडपी, मग आमदारकी खासदारकी, वर्षभर काही ना काही चालूच असतं आणि पारावर, चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, आता तर फोनवरसुद्धा, बाप्ये तासन्‌तास बोलतात. घरात चार जण बसले की तेच. आणि तिथं चहाचा ट्रे घेऊन येणारी बाई असते ना, तिला कुणी विचारत नाही की तुझं काय मत आहे. मतदानाच्या आदल्या दिवशी मात्र विचारतात, म्हणजे विचारत नाहीत, सांगतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे बघत आले आणि मला याचं वाईट वाटत आलंय, कारण पाणी भरणारी ती, रेशनच्या रांगेत उभी राहणारी ती, लेकराला अंगणवाडीत सोडणारी ती, म्हणजे गावाचा कारभार नीट चाललाय का नाही हे सगळ्यात आधी तिलाच कळतं.

कायदा कधीचाच आपल्या बाजूनं आहे बरं का. 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली आणि ग्रामपंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना आल्या. पुढं 2011 मध्ये आपल्या राज्यानं त्या निम्म्या केल्या. निम्म्या! म्हणजे आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत गेलात तर अर्ध्या खुर्च्या बायकांच्या असल्या पाहिजेत. विधानसभेत अजून 288 आमदारांत बायका पंचवीससुद्धा नाहीत, पण गावात निम्म्या आहेत. त्याच्याही आधी, 1986 च्या नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं होतं, खेड्यापाड्यातल्या बायका भाकरी बांधून घेऊन तिथं गेल्या होत्या, आणि तेव्हाच संघटनेचे नेते शरद जोशी यांनी बायकांनी निवडणुका लढवाव्यात हे उघडपणे मांडलं. मग जळगाव जिल्ह्यात विटनेरसारख्या गावात अख्खी पंचायत बायकांची निवडून आली. पुढं संघटनेचीच लक्ष्मीमुक्ती म्हणून मोहीम झाली, नवऱ्यानं आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावावर सातबाऱ्याला लावायचा, आणि शंभर कुटुंबांनी तसं केलं की ते गाव लक्ष्मीमुक्त. मला ही मोहीम फार आवडते, कारण त्यात नुसतं भाषण नव्हतं, तलाठ्याकडं जाऊन नाव लावायचं होतं.

पण खुर्ची मिळाली म्हणून बोलायला मिळतं असं होत नाही. जळगाव जिल्ह्यातल्याच विचखेडे गावच्या सरपंचबाईंचं प्रकरण तुम्ही पेपरात वाचलं असेल. निवडून आलेल्या सरपंच, त्यांच्यावर तक्रार झाली की तुम्ही सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहता, आणि त्यांना अपात्र ठरवलं. त्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि 2024 च्या सप्टेंबरमध्ये कोर्टानं तो निर्णय रद्द केला, आणि कोर्टानं सरळ म्हटलं की बाई सरपंच झाली हेच गावातल्या लोकांना पचलेलं नाही. विचार करा, एका गावच्या सरपंचपदासाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं त्या बाईला. मला तिचा अभिमान वाटतो, आणि त्याच वेळी असंही वाटतं की सगळ्यांना एवढं बळ कुठून येणार, मागं कुणीतरी उभं असायला पाहिजे ना.

ते मागं उभं राहणारं माणूस आम्हाला भजनात मिळालं.

आमच्या गावात पुरुषांचं भजनी मंडळ फार जुनं, सासऱ्यांच्या वडिलांच्या काळातलं. बायकांचं म्हणाल तर श्रावणात, नाहीतर काकड्याला तेवढ्या जमायच्या. मग आम्ही काहीजणींनी ठरवलं की दर गुरुवारी संध्याकाळी देवळात बसायचं. मला पेटीचा नाद लहानपणापासून, माहेरी चुलते वाजवायचे आणि मी शेजारी बसून बघायचे, हात लावू द्यायचे नाहीत. ती हौस मी पन्नाशीत पुरी केली. मंडळातल्या आमच्या अंगणवाडी मदतनीस पखवाज शिकल्या, आता त्यांचा हात असा बसलाय की पुरुषांच्या मंडळातले वादक पण ऐकायला थांबतात. सूनबाई पुण्याहून आली की यूट्यूबवरच्या चाली काढून देते. जनाबाई, सोयराबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई यांचे अभंग आम्ही मुद्दाम घेतो, कारण बायकांचं म्हणणं बायकांच्या तोंडी जसं बसतं तसं दुसरं कशात बसत नाही. जनाबाई दळणकांडण करता करता विठ्ठलाशी भांडते, त्याला नावं ठेवते, कामाला लावते. ते गाताना आवाज आपोआप मोठा होतो बघा. ज्या बायका घरात हळू बोलतात त्या देवळात टिपेला जाऊन गातात, आणि एकदा दहाजणींसमोर आवाज निघाला ना की मग तो दबत नाही.

भजन संपलं की सतरंजी गोळा करता करता, टाळ पिशवीत भरता भरता बोलणं व्हायचं. नळाला पाणी पहाटे चारला येतं आणि सहाच्या आत जातं, त्यामुळं झोपेचं खोबरं. देवळाच्या वाटेवरचा दिवा बंद. शाळेतल्या मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, पोरी दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत. हे मी आधी माझ्या घरचं म्हणून सोसत होते, दुसरी तिच्या घरचं म्हणून सोसत होती, आणि तिथं कळलं की अहो हे तर वरच्या आळीला पण आहे, खालच्या आळीला पण आहे. मग कुणीतरी म्हणालं, हे सांगायचं कुठं? तर उत्तर होतं, महिला सभेत.

आता महिला सभा म्हणजे काय ते थोडं सांगते कारण मलाही आधी माहीत नव्हतं. ग्रामसभेच्या आधी गावातल्या महिला मतदारांची वेगळी सभा घ्यायची असं ग्रामपंचायतीच्या कायद्यातच आहे. ग्रामसभा वर्षातून चार तरी व्हायला पाहिजेत. ग्रामसभेला कोरम लागतो, मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 माणसं, जे कमी असेल ते. तेवढी आली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब झालेली सभा परत भरली की तिला कोरमची गरज नाही, म्हणजे वीस-पंचवीस जण बसून अख्ख्या गावाचे ठराव करून मोकळे होतात. शिवाय पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. हे पैसे कशावर खर्च झाले हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आमच्या गावात महिला सभा व्हायची ती वहीत. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरायचा, वहिनी इथं सही करा, आम्ही करायचो. कशावर केली ते कुणी बघायचं नाही, पीठ मळता मळता हात पुसून सही. भजनी मंडळातल्या आम्ही मग एका वेळी म्हटलं की सही नंतर, आधी सभा घ्या, आणि पंचायतीच्या हॉलमध्ये नको, देवळात घ्या, तिथं आमची बसायची सवय आहे. घेतली. गुरुवारीच घेतली. पहिल्यांदा बायका बोलताना एकमेकींकडं बघत होत्या, मग आमच्यातल्या एक आजी, ज्यांना अभंग शेकड्यानं पाठ आहेत पण लिहिता-वाचता येत नाही, त्या उठल्या आणि पाण्याची वेळ, दिवा, शाळेची कडी हे सगळं न अडखळता मांडलं. ग्रामसेवकांनी, म्हणजे आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांना, लिहून घेतलं. पाण्याची वेळ बदलली. कडी बसली. दिवा लागायला वेळ लागला पण लागला.

हे लहान वाटेल कुणाला. पण कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं 2022 च्या मे महिन्यात ग्रामसभेतच ठराव केला की नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. एका गावच्या सभेतनं निघालेली गोष्ट राज्यभर गेली की नाही? आमच्या मंडळात नवरा गेलेल्या बायका आहेत, त्या आमच्यात पहिल्या ओळीत बसतात, हळदीकुंकवाला आम्ही त्यांना बोलावतो. कागदावरचा ठराव आमच्याकडं अजून व्हायचाय, तो पण होईल, मी त्यासाठी मागं लागणार आहे.

आता येते दादांच्या विषयाकडं. गुरुवारी संध्याकाळी मी देवळात असते तेव्हा घरात भाकरी कोण करतं?

सुरुवातीला आत्या करायच्या, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनीच मला म्हटलं, जा गं तू, मी पिठलं टाकते. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, कारण त्यांच्या उमेदीत त्यांना असं जा म्हणणारं कुणी नव्हतं. मंडळातल्या बाकीच्यांना पण विचारलं तर सगळीकडं हेच, कुणाची सासू करते, कुणाची जाऊ करते, कुणाची दहावीतली पोरगी अभ्यास बाजूला ठेवून करते. म्हणजे एका बाईला जे दोन तास मिळाले ते दुसऱ्या बाईच्या अंगावर गेले! आत्यांचं वय ऐंशीच्या घरात, त्यांनी चुलीपुढं बसायचं आणि मी पेटी वाजवायची, हे मला रुचेना. पुढं त्यांचे गुडघे धरले आणि प्रश्न समोरच आला.

केंद्र सरकारनं 2024 मध्ये देशभर पाहणी केली होती, लोक दिवसभरात वेळ कुठं घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ जातो, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा 88 मिनिटं. म्हणजे जे करतात त्यांचा बरं का, न करणारे त्यात धरलेलेच नाहीत. 289 मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास, रोज, रविवारी पण. या पाच तासांतनं वेळ काढून बाईनं सभेला यायचं, ठराव वाचायचा, सदस्य असेल तर तालुक्याला पंचायत समितीत जायचं. मग ती दमते आणि नवऱ्याला म्हणते तुम्हीच जा, आणि लोक म्हणतात बघा, बायकांना इंटरेस्टच नाही.

आमच्या घरात मी आमच्या ह्यांच्याशी बोलले. भांडले नाही, शांतपणे बोलले, की तुम्ही इतकी वर्षं सोसायटीच्या मीटिंगला गेलात, कीर्तनाला गेलात, कबड्डीच्या मॅच बघायला गावोगाव गेलात, तुमचं ताट मी झाकून ठेवलं, आता एक संध्याकाळ माझी. त्यांनी ऐकून घेतलं. आता गुरुवारी खिचडी किंवा आमटी-भात ते करतात. भाकरी अजून येत नाही त्यांना, पण शिकायची तयारी आहे आणि आत्या खुर्चीवर बसून सांगतात पाणी किती, विसण किती. हे सांगताना मला फार बरं वाटतंय, कारण वयाच्या या टप्प्यावर माणूस बदलत नाही म्हणतात, ते काही खरं नाही.

मुलाचं मात्र वेगळं झालं. तो पुण्यात कंपनीत आहे, तिथं दोघं मिळून सगळं करतात, भांडी तो घासतो, डबे ती भरते. आणि तोच गावाला आला की पाटावरनं हलायचा नाही, सूनबाई एकटी स्वयंपाकघरात. मी विचारलं तर म्हणाला, आई, इथं लोक बघतात. मग त्याला म्हटलं, बाळा, इथंच बघू देत. पुण्यात चौथ्या मजल्यावर दार लावून भांडी घासलीस तर गावातल्या पोरांना कसं कळणार? गेल्या दिवाळीला त्यानं अंगणातल्या मोरीवर बसून ताटं घासली, चुलतभाऊ हसले, दुसऱ्या दिवशी त्यातला एक स्वतः मदतीला आला.

तर दादांनो, माझी मागणी एवढीच आहे. तुमच्या घरातली बाई भजनाला, गटाच्या मीटिंगला, महिला सभेला निघाली की त्या वेळेचं काम तुम्ही घ्या, आईवर किंवा पोरीवर टाकू नका. आणि बहिणींनो, पुढच्या महिला सभेचं रजिस्टर दारात आलं तर सभा कुठं आणि किती वाजता आहे ते आधी विचारा. आमच्याकडं ग्रामसभा सकाळी अकराला ठेवतात, त्या वेळी बायका रानात असतात, खुरपणीला असतात, तेव्हा ती दुपारी चारला घ्यावी हा विषय मी मांडणार आहे, आणि त्या 10 टक्क्यांचा हिशोबही फळ्यावर लिहून मागणार आहे. ज्यांना आपल्या गावात हे करायचंय त्यांनी लेखी अर्जच द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि सभेला एकटीनं जाऊ नये, मंडळ घेऊन जावं. येते, नमस्कार.