भांडणं कुठे ठेवलीत?

(कॅनडातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यातलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडी काटछाट केली आहे. हशा आणि मधली कुजबुज गाळली आहे.)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि आमच्या हिने दहा. शिवाय गाडीतून उतरता उतरता हिने बजावलंय, ‘त्या’ विषयाला हात लावायचा नाही. तुम्ही हसलात, म्हणजे ‘तो’ विषय कोणता हे तुम्हाला कळलं. नव्या मंडळींनी शेजारच्यांना विचारावं. डावीकडचे एक सांगतील आणि उजवीकडचे दुसरं.

तर त्याचं असं झालं. माझी नात दहावीत आहे. शाळेत त्यांना आपल्या ब्रिटिश कोलंबियातल्या एकेका समाजावर प्रकल्प करायला दिला होता. तिच्या वाट्याला आले डुखोबोर, रशियातून इकडे आलेला एक धार्मिक समाज. तुमच्यापैकी बरेच जण कॅसलगारच्या बाजूला गेलेले आहात, आणि वाटेत ग्रँड फोर्क्सला थांबून डुखोबोरांचं बोर्श्ट सूप न प्यायलेला मराठी माणूस मला अजून भेटायचाय. अस्सल शाकाहारी, वर लोण्या-सायीचा सढळ हात, कोबी अर्धा आधी आणि अर्धा शेवटी, बीट फक्त रंगापुरतं उकळीत टाकून काढून घ्यायचं. ते सूप उत्तम असतं यावर आपल्या मंडळात एकमत आहे. दुसऱ्या कशावर एकमत झाल्याचं मला तरी आठवत नाही.

पण सूप प्यालो आणि गाडी काढली, एवढीच आपली त्यांच्याशी ओळख. पोरीने मात्र जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि पंधरवडाभर आम्ही सोफ्यावर बसून जेवलो. ती वाचत गेली, मी चष्मा लावून मागून डोकावत गेलो. आणि एका रात्री तिने मान वर करून मला विचारलं, “आजोबा, ह्या लोकांनी त्यांची भांडणंपण लिहून ठेवलीत. आपल्या मंडळाच्या साइटवर नुसते मोदक आहेत. आपण कधी भांडलोच नाही का?”

मी म्हटलं, झोप आता, उशीर झालाय.

पण मला काही झोप लागली नाही.

आधी तिने काय काय बघितलं ते सांगतो. डुखोबोर हे मूळचे रशियातले शेतकरी. पुरोहित नको, चर्च नको, तसबिरी नकोत. देव माणसाच्या आत आहे म्हणून प्रार्थनेला जमले की एकमेकांना वाकून नमस्कार करायचा, वारीत माउली म्हणून एकमेकांच्या पाया पडतात तसा. समोर टेबलावर पाव, मीठ आणि पाणी. स्तोत्रं सगळी तोंडपाठ, वाद्य एकही नाही. झारच्या सरकारने त्यांना आधी क्रिमियाच्या वरच्या बाजूला वसवलं, मग १८४०च्या दशकात तिथून उठवून कॉकेशसच्या डोंगरात पाठवलं. १८९५च्या जूनमध्ये त्यांनी तिथे तीन ठिकाणी आपापल्या घरातली हत्यारं आणून ढीग रचला, रॉकेल ओतलं आणि स्तोत्रं म्हणत जाळून टाकला. आम्ही माणूस मारणार नाही, सैन्यात जाणार नाही. झारच्या कोसॅक घोडेस्वारांनी चाबकाने फोडून काढलं, हजारोंना गावं सोडायला लावली, रोगराईने माणसं गेली. तिकडे टॉलस्टॉयने हातातली ‘रिझरेक्शन’ कादंबरी पुरी करून तिचे पैसे यांच्या जहाजभाड्याला दिले. क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनीही मदत केली. १८९९च्या जानेवारीत ‘लेक ह्युरॉन’ नावाचं जहाज दोन हजारांवर माणसं घेऊन हॅलिफॅक्सला लागलं, आणि त्या वर्षात मिळून साडेसात हजारांच्या आसपास माणसं कॅनडात उतरली.

मला टॉलस्टॉयचं नाव बघितल्यावर राहवलं नाही. मी नातीला सांगितलं की याच टॉलस्टॉयचं नाव गांधीजींनी १९१० साली जोहान्सबर्गजवळच्या वसाहतीला दिलं होतं, आणि त्याआधी दोन वर्षं तिथल्या हमिदिया मशिदीच्या आवारात आपल्या माणसांनी नोंदणीचे दाखले कढईत घालून रॉकेलने पेटवले होते. ती म्हणाली, “आजोबा, हे माझ्या प्रोजेक्टमध्ये बसत नाही.” बरं, नाही बसत. तुम्हाला सांगून घेतलं.

आता त्या जहाजांच्या याद्या. उतरलेल्या माणसांची नावं कारकुनाने कानाला वाटेल तशी रोमन लिपीत उतरवलेली. एकाच घरातला भाऊ एका स्पेलिंगचा, बहीण दुसऱ्या. त्यांच्याच वंशजांनी, नोकऱ्या सांभाळून, वर्षानुवर्षं बसून ती नावं जुळवली. कोण कोणाचा, कॉकेशसमधलं गाव कुठलं, सस्कॅचेवान प्रांतात कुठल्या गावात राहिले, पुढे इकडे ब्रिटिश कोलंबियात आले की तिकडेच थांबले. हे सगळं आज कोणालाही घरबसल्या बघता येतं. जी गावं नांगराखाली गेली त्यांचीही नावं नकाशावर आहेत. दफनभूमीतल्या दगडांच्या याद्या आहेत. आडनावं कशी पडली तेही आहे. सायमन फ्रेझर विद्यापीठाने फोटो आणि कागदपत्रं स्कॅन करून ठेवलीत. ज्या शेतकऱ्यांची सगळी परंपरा तोंडी होती, त्यांचं हे दप्तर.

आणि त्या दप्तरात भांडणंही आहेत. मी ती वाचली आणि मंडळी, मला क्षणभर वाटलं आपलीच वार्षिक सर्वसाधारण सभा चालू आहे.

ऐका. १८८६ साली त्यांची नेता लुकेरिया काल्मिकोवा वारली. फार कर्तबगार बाई, वीस-बावीस वर्षं समाज सांभाळला. ती गेल्यावर दोन तट पडले. कशावरून? वारस कोण यावरून, आणि अनाथाश्रम म्हणून जी समाजाची इमारत होती, जिच्यात समाजाचा सगळा निधी होता, ती कोणाची यावरून. इमारत आणि निधी! (इथे सभागृहात जे झालं ते गाळलं आहे. – संपादक) एका तटाने म्हटलं, तिने तयार केलेला पीटर व्हेरिगिन आमचा पुढारी. दुसऱ्या तटाने तिच्या भावाला उभं केलं. सरकारने इमारत भावाच्या तटाला दिली आणि व्हेरिगिनला हद्दपार केलं. हत्यारं जाळायचा निरोप त्याने त्या हद्दपारीतूनच धाडला होता.

कॅनडात आल्यावर भांडणं संपली का? छे. सरकार म्हणालं, जमीन प्रत्येकाने आपापल्या नावावर करा आणि राजनिष्ठेची शपथ घ्या. काही जण कबूल झाले, काहींनी म्हटलं जमीन सगळ्यांची मिळून आहे आणि शपथ देवाखेरीज कोणाची घेणार नाही. १९०७ साली त्यांच्या जमिनी गेल्या. जे एकत्र राहायचं म्हणत होते, त्यांतले हजारो जण १९०८पासून इकडे कूटनीच्या खोऱ्यात आले, फळबागा लावल्या, ब्रिलियंटला मुरंब्याचा कारखाना काढला, नदीवर झुलता पूल बांधला. तो अजून उभा आहे. १९२४च्या २९ ऑक्टोबरला व्हेरिगिन ज्या रेल्वेच्या डब्यात होता त्यात स्फोट झाला. तो गेला, बरोबर आणखी आठ माणसं गेली, त्यात एक आमदारही. कोणी केला ते आजतागायत सिद्ध झालेलं नाही. त्या तपासाचे कागद, जबान्या, अहवाल, सगळं आज वाचता येतं, आणि ज्यांनी ते मांडलंय ते खुनी कोण हे सांगत नाहीत, तुम्हीच वाचा म्हणतात. आमच्या पोरीने तीन संशयित ठरवले होते आणि जेवताना दररोज बदलत होती.

मग ‘सन्स ऑफ फ्रीडम’ नावाचा कडवा गट. निषेध म्हणून कपडे उतरवून मोर्चे, शाळांना आगी, आपल्याच माणसांच्या घरांना आगी. बाकीच्या डुखोबोरांना त्यांची लाज वाटे आणि वर्तमानपत्रांनी सगळ्यांना एकाच मापात मोजलं. हा भाग पोरीने वाचला तेव्हा मी लॅपटॉप बंद करायच्या बेतात होतो. पण पुढचं पान त्याहून वाईट होतं. १९५३ ते १९५९ या काळात सरकारने या गटाची दोनशेच्या आसपास मुलं आईबापांकडून उचलून न्यू डेन्व्हरला ठेवली. का, तर ती शाळेत जात नव्हती. भेटायला आलेल्या आयांना मुलं तारेच्या जाळीतून दिसायची. फोटो आहे तो. जाळीच्या ह्या बाजूला डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया, त्या बाजूला पोरं. पोरीने तो फोटो मोठा करून बराच वेळ बघितला, मग म्हणाली, “हे सगळे माझ्याहून लहान आहेत.” २०२४च्या फेब्रुवारीत आपल्या प्रांताच्या प्रीमियरनी, म्हणजे मुख्यमंत्र्यांनी, त्याबद्दल माफी मागितली आणि एक कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. ती मुलं आता आपल्या वयाची आहेत.

माझ्या मनात आलं, ज्या माणसांनी आपल्या गावातल्या आगी झाकल्या असत्या, त्यांच्या जाळीमागच्या पोरांवर कोणी विश्वास ठेवला असता का? आग आणि जाळी एकाच कपाटात आहेत म्हणून दोन्ही खऱ्या वाटतात. हे माझं मत. आमच्या हिला पटलेलं नाही. ही म्हणते, त्यांचं दुखणं केवढं आणि आपलं केवढं, उगाच तुलना करू नका. खरंच आहे. आपल्याला कोणी चाबकाने मारलं नाही. आपण इमिग्रेशनचे पॉइंट्स मोजून, डिग्र्या दाखवून, दोन सूटकेसांत लोणच्याच्या बरण्या गुंडाळून आलो.

पण मग आपल्याकडे काय आहे ते तरी बघू. मी बरीच वर्षं मंडळाचा चिटणीस होतो. इतिवृत्तं माझ्या हातची आहेत. ज्या सभेत खुर्ची ढकलली गेली, ज्या सभेतून निम्मे लोक उठून गेले आणि पुढच्या भाद्रपदात गावात दुसरा गणपती बसला, त्या सभेचं इतिवृत्त परवा काढून वाचलं. शेवटची ओळ माझीच: ‘अध्यक्षांचे आभार मानून सभा खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न झाली.’ हे वाचून पुढच्या पिढीने काय समजायचं?

आपल्या साइटवर ‘क्षणचित्रे’ आहेत. शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुणे. सगळे ओळीने उभे, खाली एकाचंही नाव नाही. परवा सत्तरच्या दशकातला एक फोटो ग्रुपवर फिरला, ‘डावीकडून तिसरे कोण?’ म्हणून. एकशे बारा उत्तरं आली, त्यातली नव्वद हात जोडल्याची आणि फुलांची. डावीकडून तिसरे अजून तिसरेच आहेत.

आणि आपले जुने अंक! नव्वदच्या दशकात आपल्या संपादकांनी रात्र रात्र जागून ते टाइप केले, ‘शिवाजी’ फॉन्टमध्ये. परवा मी त्यातली एक फाइल उघडली. संपादकीयाच्या जागी रोमन अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं आणि टक्केवारी यांचा खिचडा. फॉन्टच नाही तर मराठी कुठून दिसणार? त्या फॉन्टमध्ये ‘क’च्या घरात कुठलं तरी इंग्रजी अक्षर बसवलेलं असायचं, फॉन्ट गेला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. आपल्या तरुण मंडळींपैकी निम्मी सॉफ्टवेअरमध्ये आहेत. ते युनिकोडमध्ये आणायला त्यांना एक शनिवार-रविवार पुरेल. पण त्यांना ढोल-ताशाच्या सरावातून वेळ नाही. ढोल वाजवा, जरूर वाजवा, पण कधीतरी दोन्ही हात रिकामे ठेवा. नाटकांच्या कॅसेट आहेत, त्यावर नुसतं ‘प्रयोग’ लिहिलंय. कोणतं नाटक, कोण होतं, काही नाही. आमच्या सौ. त्यातल्या एकात नायिका होत्या असं त्या म्हणतात. कॅसेट चालत नाही, त्यामुळे मान्य करावं लागतं.

डुखोबोरांचंही सगळं आलबेल नाही, हे सांगायला हवं. एवढं दप्तर लावूनही त्यांची ती जुनी रशियन बोली नव्या पिढीच्या तोंडून जात चाललीय. दप्तरही बरंचसं इंग्रजीतच वाचलं जातं. म्हणजे जपून ठेवलं की भाषा टिकते, असंही नाही. आमच्या घरात तर नातीचा तो प्रश्नसुद्धा अर्धा इंग्रजीतच आला होता, मी तुम्हाला मराठी करून सांगितला.

तर माझं म्हणणं एवढंच. मंडळाची एक पेटी माझ्या गॅरेजमध्ये आहे. त्यात ‘त्या’ सभेच्या वेळची दोन पत्रं आहेत, एक एका बाजूचं आणि एक दुसऱ्या बाजूचं. दोन्ही हाताने लिहिलेली, दोन्ही उत्तम मराठीत, आणि दोन्ही झणझणीत. मला ती दोन्ही स्कॅन करून, एकाच पानावर शेजारी शेजारी ठेवायची आहेत. माझी टिप्पणी एका शब्दाचीही नाही. अध्यक्ष म्हणतात, सह्या करणाऱ्यांना विचारा. बरोबर आहे. दोघं-तिघं इथे बसले आहेत, ते माझ्याकडे बघतही आहेत. पण सह्या करणाऱ्यांतले काही आता नाहीत. त्यांच्या मुलांना विचारायला हवं, आणि त्यांच्या मुलांना मराठी वाचता येत नाही. म्हणजे त्यांच्या वडिलांचं पत्र मलाच त्यांना वाचून दाखवावं लागणार, आणि मी तर दुसऱ्या बाजूचा.