वजन नाकारणारं विमान

मंडळी, जुन्या लढाऊ विमानांचं वेड असलेल्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. जे आता उडत नाही, ज्याला आजचं कुठलंही विमान सहज मागे टाकेल, त्यात एवढं बघण्यासारखं काय? स्पिटफायर, हंटर, मिग-२१, कुठल्याही विमानाचं नाव घेऊन याचं उत्तर देता येईल. मी नॅट हे छोटं ब्रिटिश लढाऊ जेट निवडलं, कारण ते घडवणाऱ्याच्या डोक्यात काय होतं हे या विमानाकडे नुसतं बघूनही कळतं.

त्याचा कर्ता ब्रिटिश विमानरचनाकार डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर. लायसँडर आणि कॅनबेरा ही विमानंही त्याचीच. १९५० च्या सुमारास लढाऊ विमानं वर्षागणिक जड आणि महाग होत चालली होती, आणि पेटरला ते मुळीच मान्य नव्हतं. विमान जड झालं की इंजिन मोठं लागतं, मोठ्या इंजिनाला इंधन जास्त लागतं, ते मावायला विमान आणखी मोठं करावं लागतं. हे चक्र त्याने फॉलंड कंपनीत उलटं फिरवलं. आधी कमी ताकदीचं मिज हे प्रायोगिक विमान ऑगस्ट १९५४ मध्ये उडालं आणि पुढच्याच वर्षी, १८ जुलैला, नॅट.

लांबी पावणेनऊ मीटरच्या आत, म्हणजे आपल्या एसटीच्या बसपेक्षाही कमी. पंखांचा विस्तार पावणेसात मीटरच्या आतबाहेर, रिकामं वजन सव्वादोन टनांच्या जवळपास. त्याच काळातलं हंटर चौदा मीटर लांब होतं. पण नॅटच्या पोटात ३० मिलिमीटरच्या दोन तोफा होत्या, हे विसरू नका. जवळून बघायचं तर त्याची चाकं बघा. विमानाचा वेग कमी करायला पाठीवर किंवा पोटाखाली वेगळे एअरब्रेक बसवायची तेव्हा रीत होती. पेटरने ते बसवलेच नाहीत. चाकं अर्धवट खाली सोडली की त्यांची दारं वाऱ्याला आडवी येतात, तेच ब्रेक. एका भागाकडून दोन कामं, आणि तेवढं वजन कमी! मला हे आजही फार सुंदर वाटतं.

ब्रिटिश हवाई दलाने लढाऊ नॅट घेतलं नाही, त्यांनी हंटर पसंत केलं. नॅटची दोन आसनांची प्रशिक्षण आवृत्ती मात्र त्यांनी घेतली आणि रेड ॲरोज या त्यांच्या हवाई कसरतींच्या पथकाची पहिली विमानं तीच. फिनलंडने तेरा लढाऊ नॅट घेतली. मोठा विश्वास टाकला तो भारताने. १९५६ मध्ये परवान्याचा करार झाला आणि बंगळूरच्या कारखान्यात हे विमान बनू लागलं. नुकत्या उभ्या राहणाऱ्या उद्योगाला पेलेल आणि खिशाला परवडेल असं दुसरं जेट लढाऊ विमान तेव्हा समोर नव्हतं.

३ सप्टेंबर १९६५. भारत-पाकिस्तान युद्धात जम्मूतल्या छांबच्या आकाशात पाकिस्तानची सेबर ही अमेरिकी बनावटीची लढाऊ जेट वरचढ ठरत होती. आपल्या बाजूने सापळा रचला गेला. आपली काही मिस्टेअर ही फ्रेंच बनावटीची विमानं मुद्दाम रडारला दिसतील अशा उंचीवरून गेली आणि नॅट जमिनीला चिकटून मागून आली. सेबर मिस्टेअरच्या दिशेने निघाली तेव्हा नॅट खालून वर उसळली. एवढंसं विमान समोरच्याला दिसेपर्यंत ते पुरेसं जवळ आलेलं असायचं. नॅटचे वैमानिक ट्रेव्हर कीलर यांनी त्या दिवशी सेबर पाडल्याची नोंद झाली, पण ते विमान जखमी अवस्थेत परत गेलं होतं. पाकिस्तानी बाजूचा हा तपशील मी टाळणार नाही. या विमानाला खोट्या मोठेपणाची गरज नाही. त्याच दिवशी आपलं एक नॅट पाकिस्तानात पसरूरला उतरलं, ते आज कराचीच्या हवाई दल संग्रहालयात आहे. १९ सप्टेंबरला ट्रेव्हर यांचे भाऊ डेन्झिल यांनी सेबर पाडलं. दोघा भावांना वीरचक्र मिळालं.

पुढे २२ नोव्हेंबर १९७१ ला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर बोयराच्या आकाशात चार नॅटनी तीन सेबर गाठली. दोन पाडली, तिसरं कसंबसं ढाक्याला परतलं. पाडलेल्यांपैकी एका सेबरचे वैमानिक परवेझ मेहदी कुरेशी पकडले गेले. तेच पुढे पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले.

'सेबर स्लेअर', म्हणजे सेबरचा कर्दनकाळ, हे बिरुद इथून पक्कं झालं. पण नॅट चालवणं सोपं नव्हतं. ऐन झुंजीत तोफा अडकायच्या. शेपटीच्या नियंत्रणाची यंत्रणा दगा द्यायची आणि त्यापायी अपघात झाले. इंधन थोडं, त्यामुळे हवेत राहायचा वेळही थोडा. वजन नाकारण्याची किंमत वैमानिक मोजत होते, आणि नॅटवर प्रेम करणाऱ्याने हेही तितक्याच मोठ्या आवाजात सांगायला हवं.

१४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों यांनी उड्डाण केलं. हल्ला करणारी सेबर सहा होती. पुढचं नॅट उडताना उठलेल्या धुळीमुळे त्यांना क्षणभर थांबावं लागलं होतं. तरीही ते भिडले, दोन सेबरवर मारा केला आणि शेवटी धारातीर्थी पडले. हवाई दलाला आजवर मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं आहे.

बंगळूरच्या इंजिनिअरांनी नॅटचे दोष एकेक करून हाती घेतले. नियंत्रण यंत्रणा सुधारली आणि इंधन थेट पंखांच्या आत भरलं, म्हणजे पंखांखालच्या टाक्यांची जागा शस्त्रांना मोकळी झाली. १९७५ मध्ये उडालेल्या या सुधारित विमानाचं नाव अजित. ते १९९१ पर्यंत सेवेत होतं. एवढं सगळं बदलूनही पेटरने आखलेला आकार जवळपास जसाच्या तसा राहिला. संग्रहालयात नॅट कुठलं आणि अजित कुठलं हे ओळखायला मलासुद्धा आधी पाटी वाचावी लागते.