आठवीत गेल्यावर पोरी खेळायच्या का थांबतात?

नमस्कार. पालकसभेत मार्कांचं बोलायचं असतं हे मला ठाऊक आहे. पण मी पीटीची बाई. खानापूर तालुक्यातल्या शाळांत इतकी वर्षं शिट्टी वाजवली, त्यामुळे मैदानावरचंच बोलेन.

सहावी-सातवीत खो-खोच्या तासाला पोरी आवरत नाहीत. आठवीत त्यातल्या कितीतरी पायरीवर बसलेल्या दिसतात. विचारलं, तर “बाई, पोट दुखतंय.” माझी एक विद्यार्थिनी पळतीला उतरली की कुणाच्या हाती लागायची नाही. ती सलग तीन शनिवार बसून राहिली. चौथ्या शनिवारी मी तिच्या शेजारी जाऊन बसले. बोलेना. नुसता स्कर्ट गुडघ्याखाली ओढत राहिली. पांढरा स्कर्ट! शनिवारचा पीटीचा ड्रेस, आम्हीच सक्तीचा केलेला. पाळी अजून नियमित नव्हती, कधी डाग पडेल या धास्तीनं ती मैदानात उतरत नव्हती. आणि मी तिला चारचौघींत आळशी म्हटलं होतं. ते मला आजही लागतं. पुढच्या जूनपासून आम्ही निळी ट्रॅक पँट आणली.

पाळीत खेळलं तर अपाय होतो, हे मनातून काढा. फार दुखत असेल तर विश्रांती द्या, दर महिन्याला तसंच होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पोरगी दोन फेऱ्यांत धापा टाकते तेव्हाही आळस म्हणू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, ती पोटात जाते की दप्तरात राहते, तेवढं बघा.

आपल्या बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मालप्रभा जाधवनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये, म्हणजे कुस्तीसारख्या एका खेळात, कांस्यपदक आणलं. ऊर भरून येतो. पण माझा जीव अडकतो तो तालुक्याच्या संघात न निवडलेल्या पोरींत. संघात जातात डझनभर, बाकीच्यांचा खेळ तिथंच संपतो. जागतिक आरोग्य संघटना या वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगते. ती काय फक्त पदकवाल्यांसाठी?

तुम्ही पंचमीला झिम्मा-फुगडी खेळलात, तेव्हा कुणी निवड चाचणी घेतली होती का? दम लागेपर्यंत खेळलात. आपल्याकडे पावसात मैदानाचा चिखल होतो, तेव्हा व्हरांड्यात फुगडी घाला, दोरीच्या उड्या मारा. मुलींना मी हेच सांगते.

घरी एकच करा. शाळा सुटल्यावर भावाला बॅट आणि हिला घागर, असं नको. पाऊण तास तिचा तिला द्या. “उशीर होतो, अंधार पडतो” ही तुमची काळजी खरी आहे. म्हणून साडेचार ते सव्वापाच मी मैदानावर थांबेन, आणि रोज एक आई सोबत थांबेल. दोन गल्ल्यांच्या पोरी मिळून घरी जातील. वही आणलीय. सोमवारी कोण येणार, नाव सांगा.