पेनीवर नाव हेन्रीचं, पण राजा कोणता? नाणेसंग्राहकाची पुस्तकं

[नाणं बोटांत धरून, कॅमेऱ्याजवळ]

नमस्कार मंडळी. ही बघा, इंग्लंडची चांदीची पेनी. जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी. मधोमध मुकुट घातलेला चेहरा, बाजूला राजदंड आणि कडेने अक्षरं: हेन्रिकस रेक्स. म्हणजे हेन्री राजा. कुणालाही वाटेल, पटली की ओळख!

पण या नावाची ही पेनी ११८० पासून १२४७ पर्यंत पाडली जात होती. तेवढ्या काळात दुसरा हेन्री गेला, रिचर्ड आला आणि गेला, जॉन आला आणि गेला, मग तिसरा हेन्री गादीवर बसला. राजे चार, नाव एकच. जॉनने आयर्लंडमध्ये स्वतःच्या नावाने नाणी पाडली, पण इंग्लंडच्या पेनीवर हेन्रीच कायम राहिला.

मग माझ्या हातातली पेनी कोणाच्या काळातली? ते नाण्यावर कुठेच लिहिलेलं नाही. ते कळतं पुस्तकातून, आणि म्हणून आजचा विषय आहे प्राचीन आणि ब्रिटिश नाण्यांची संदर्भपुस्तकं. काय जमवायचं आणि जमवताना काय बघायचं.

[क्लोजअप: पेनीची दर्शनी बाजू]

चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या केसांच्या बटा मोजा. डावीकडे दोन, उजवीकडे पाच. आता नॉर्थ यांच्या 'इंग्लिश हॅमर्ड कॉइनेज'चा पहिला खंड उघडा. क्रमांक ९६३, वर्ग एक-ब. म्हणजे ही दुसऱ्या हेन्रीची पेनी. बटा वेगळ्या असत्या, मुकुटावरचे मणी किंवा अक्षरांची ठेवण वेगळी असती, तर वर्ग बदलला असता आणि कदाचित राजाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉरेन्स नावाच्या अभ्यासकाने ढिगाने पेन्या शेजारी शेजारी ठेवून हे वर्ग लावले. एवढ्या बारकाईने कुणीतरी बघून ठेवलंय म्हणून आज आपण घरबसल्या राजा ओळखू शकतो. मला याचं फार अप्रूप आहे.

ब्रिटिश नाण्यांसाठी सगळ्यात आधी काय घ्याल? स्पिंक या लंडनच्या नाणे-व्यापारी कंपनीचा वार्षिक कॅटलॉग. याची सुरुवात सीबी या नाणे-विक्रेत्यांनी १९२९ मध्ये केली. त्यातला क्रमांक जगभरचे विक्रेते आणि संग्राहक वापरतात. पण दरवर्षी नवा घेऊ नका. किमती जुन्या होतात, क्रमांक बहुतेक तेच राहतात. चार-पाच वर्षांपूर्वीची प्रत ओळख पटवायला पुरते. वाचलेल्या पैशांत नॉर्थचे दोन खंड घ्या. पहिला साधारण इसवी सन ६०० पासून १२७२ पर्यंत, दुसरा तिथून १६६२ पर्यंत. हातोड्याने पाडलेल्या नाण्यांसाठी माझी पसंती यालाच. तांब्याच्या नाण्यांकडे ओढा असेल तर पेक यांचं १९६० चं पुस्तक. बर्मिंगहॅमजवळच्या सोहोमध्ये बोल्टनच्या टांकसाळीत पाडलेली १७९७ ची जाडजूड, एक औंस वजनाची पेनी माहीत असेल. राजाच्या डोक्यावरच्या पानांच्या मुकुटात दहा पानं आहेत की अकरा, यावरून पेक त्या पेनीचे दोन वेगळे प्रकार नोंदवतात.

आता रोमकडे वळू, कारण इथे बरेच जण गोंधळतात.

'रोमन इम्पीरियल कॉइनेज'चे दहा खंड आहेत. मॅटिंगली आणि सिडनहॅम यांचा पहिला खंड १९२३ चा, दहावा १९९४ चा. नाणी लावली आहेत सम्राट, टांकसाळ आणि काळ यांनुसार. अभ्यासाला उत्तम. पण तुमच्या हातातलं नाणं झिजलेलं असेल, मागच्या बाजूची चार-पाच अक्षरंच दिसत असतील, टांकसाळ ठाऊक नसेल, तर शोधायचं कुठून? अशा वेळी एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच अभ्यासक कोहेन कामी येतो. त्याने प्रत्येक सम्राटाची नाणी मागच्या बाजूच्या लेखाच्या वर्णानुक्रमाने लावली. अक्षरं जुळवत जायचं, नाणं सापडतं. लोक त्याला कालबाह्य म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. चांदीच्या रोमन नाण्यांवरचे सीबींचे खंडही कोहेनचीच रचना वापरतात.

आवृत्तीकडेही नीट लक्ष द्या. सम्राट ऑगस्टसच्या एका डिनॅरियसवर, म्हणजे रोमच्या चांदीच्या नाण्यावर, त्याचे नातू गायस आणि लुसियस ढाली आणि भाले घेऊन उभे आहेत. सदरलँड यांनी १९८४ मध्ये पहिला खंड नव्याने लिहिला, त्यात त्याचा क्रमांक २०७. १९२३ च्या खंडात तोच क्रमांक शोधलात तर भलतंच नाणं निघेल. म्हणून क्रमांकासोबत आवृत्ती लिहायची सवय लावून घ्या. आणि जुनी आवृत्ती काढून टाकू नका, जुन्या कॅटलॉगांमधले क्रमांक तिच्याशिवाय उलगडत नाहीत.

रिपब्लिकच्या, म्हणजे रोममध्ये सम्राट येण्याआधीच्या काळासाठी क्रॉफर्ड यांचे १९७४ चे दोन खंड. त्याबद्दल दुमत नाही. ग्रीक नाण्यांसाठी ब्रिटिश म्युझियमचे २९ खंड, १८७३ ते १९२७. ते स्कॅन होऊन इंटरनेटवर मोफत आहेत. रोमन सम्राटांची नाणीही अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. तेव्हा जे पडद्यावर नीट वाचता येतं त्यासाठी कपाटातली जागा अडवू नका.

कपाट भरायचंच असेल तर ते लिलावांच्या जुन्या कॅटलॉगांनी भरा, असं मी आग्रहाने सांगेन.

[जुना कॅटलॉग उघडून, प्लेट कॅमेऱ्याकडे धरून]

हातोड्याने पाडलेलं प्रत्येक नाणं वेगळं असतं. कुठे कडेला चीर, कुठे छाप एका बाजूला सरकलेला, कुठे काठ चपटा. माणसाच्या बोटांच्या ठशासारखंच. जुन्या प्लेट्ससाठी, म्हणजे नाण्यांच्या फोटोंच्या पानांसाठी, बऱ्याचदा नाण्याचा प्लास्टरमध्ये साचा घेऊन त्याचा फोटो काढत. त्यामुळे चांदीची चकाकी आड येत नाही आणि काठाचा आकार स्पष्ट दिसतो. लॉकेट यांचा प्रचंड संग्रह लंडनमध्ये ग्लेंडायनिंगच्या लिलावांत १९५५ ते १९६१ दरम्यान विकला गेला. त्या प्लेट्समधल्या एखाद्या नाण्याची चीर तुमच्या नाण्याच्या चिरेशी तंतोतंत जुळली, तर तुमच्या नाण्याला सिद्ध करता येईल असा इतिहास मिळाला. प्राचीन नाण्यांच्या बाबतीत तर हे फारच मोलाचं. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या १९७० च्या युनेस्को करारानंतर, वस्तू त्याआधी कुठे होती याचा पुरावा मागितला जातो, आणि छापील प्लेट हा पुरावा असतो. काही प्रतींत समासात पेन्सिलीने विक्रीची किंमत आणि घेणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. अशी प्रत दिसली तर सोडू नका. आणि तो मजकूर डाग समजून खोडू तर मुळीच नका.

शेवटची गोष्ट, घेताना काय तपासायचं. विक्रेत्याला प्लेट्स मोजून सांगायला सांगा. मजकुराची पानं पूर्ण असतात, पण मागच्या प्लेट्स कुणीतरी काढून घेतलेल्या असतात. पुनर्मुद्रण असेल तर एका प्लेटचा फोटो आधी मागवा. फोटोवरून फोटो छापलेला असतो, बारकावे काळपट होऊन बसतात. आणि आपल्याला मोजायच्या आहेत केसांच्या बटा. त्या प्लेटवर मोजता येत नसतील, तर थोडं थांबा आणि मूळ प्रत शोधा.